खात्यात २५ हजार आले. नागपूर अपडाऊनला पुरेल असा हलका लॅपटॉप कोणता घ्यावा?

पांढुर्णा/सौंसर : मध्य प्रदेश बोर्डाच्या बारावीत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना राज्य सरकार लॅपटॉपसाठी २५ हजार रुपये देतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यातल्या ८९,७१० आणि त्याच वर्षी ४ जुलैला ९४,२३४ विद्यार्थ्यांच्या खात्यात ही रक्कम जमा झाली. पैसा थेट खात्यात येतो, मॉडेल कोणतं घ्यायचं ते सरकार सांगत नाही. त्यामुळे पैसे आले की पांढुर्णा आणि सौंसरच्या घरोघरी एकच चर्चा : आता घ्याचा कोणता? पोराला थोडी गेम पाहिजे, बापाला टिकाऊ पाहिजे, आणि रोज गाडीने किंवा सावनेरवरून बसने नागपूर गाठायचं असेल तर पाठीवर ओझंही नको.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. २५ हजारांत पातळ, दिवसभर चालणारा आणि गेमही खेळवणारा नवा लॅपटॉप मिळत नाही. या पैशात जे नवीन मिळतं ते बहुधा सेलेरॉन किंवा तत्सम लहान प्रोसेसरचं असतं. टायपिंग आणि यूट्यूबपुरतं ठीक. चार वर्षं काढायची असतील तर घरून तेवढीच रक्कम आणखी घालावी लागेल, नाहीतर चांगल्या जुन्या मालाकडे वळावं लागेल.

दुकानात गेलं की पहिली नजर जाते ती लाल-निळ्या लाईटच्या कीबोर्डवाल्या गेमिंग लॅपटॉपवर. अपडाऊन करणाऱ्याने तो टाळावा. वजन सव्वादोन-अडीच किलो, त्यात विटेएवढा चार्जर वेगळा. त्यातलं आरटीएक्स ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताकद दाखवतं ते प्लग लावल्यावरच. बॅटरीवर गेमचा वेग उतरतो आणि चार्ज तास-दीड तासात संपतो. होस्टेलच्या टेबलावर ठेवायला ती वस्तू चांगली आहे, जनरल डब्यात मांडीवर घ्यायला नाही. १.२ ते १.५ किलोचा लॅपटॉप रोज उचलायला बरा.

बॅटरीबद्दल डब्यावर '१२ तास', '१५ तास' असं छापलेलं असतं. स्क्रीनचा उजेड कमी ठेवून व्हिडिओ चालवत घेतलेला तो आकडा असतो, त्याच्यावर जाऊ नये. दुकानदाराला विचारायचं ते वॉट-अवर किती. लॅपटॉपची टाकी केवढी आहे ते हा आकडा सांगतो. हिशेब सोपा आहे : ५४ वॉट-अवरची बॅटरी असेल आणि नोट्स, ब्राउझर, थोडं कोडिंग अशा कामात मशीन ८ वॉट खात असेल, तर पावणेसात तास मिळतील. त्याच मशीनवर गेम लावली आणि खप २५ वॉटवर गेला, की दोन तासांत खेळ संपला. स्वस्त मॉडेलांत ३६ ते ४२ वॉट-अवरची बॅटरी टाकलेली असते. सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्याने ५० च्या खाली जाऊ नये, ६० मिळाली तर उत्तम. कारण दोन वर्षांत टाकी आपोआप लहान होत जाते. चार्जिंग यूएसबी-सीवर होतं का तेही बघावं. होत असेल तर ६५ वॉटचा एकच लहान चार्जर फोनलाही चालतो.

आता गेमचं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर सगळं काम प्रोसेसरमधलं ग्राफिक्स करतं, आणि इथेच ग्राहक फसतो. 'रायझन ५' हे नाव दोन अगदी वेगळ्या मालांवर असतं. रायझनच्या ७००० मालिकेत नंबरातला तिसरा आकडा बघावा, चिपची पिढी तो सांगतो. ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे २०१९ मध्ये आलेली रचना. ग्राफिक्सही अगदी लहान. ७५३०यू मध्ये तो ३ आहे आणि ग्राफिक्स बऱ्यापैकी. नंबरात फरक दहाचा, गेममध्ये दुपटीपेक्षा जास्त. त्याच्या वर ६६०एम, ६८०एम, ७८०एम ही ग्राफिक्सची नावं चढत्या क्रमाने येतात. इंटेलमध्ये आय५-१२३५यू किंवा १३३५यू चं आयरिस एक्सई कामचलाऊ, तर कोअर अल्ट्रा १२५एच चं आर्क त्याहून चांगलं.

यातून काय चालेल? व्हॅलोरंट कमी सेटिंगवर आरामात चालते, माइनक्राफ्ट चालतं. जीटीए ५ सेटिंग खाली आणली की चालते, पण एकटीच शंभर जीबीच्या आसपास जागा खाते. म्हणून एसएसडी ५१२ जीबीची पाहिजे. २००६ ची ईए क्रिकेट ०७ अजून ज्यांच्या जिवात आहे, त्यांना तर कोणताही लॅपटॉप पुरतो. नव्या भारी गेमची आशा मात्र ठेवू नये.

प्रोसेसरइतकीच महत्त्वाची रॅम. आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी आणत नाही, रॅममधूनच उसनी घेतं. ८ जीबीची एकच पट्टी असेल तर चांगलं ग्राफिक्सही लंगडतं. ८ अधिक ८ अशा दोन पट्ट्या लावल्या की तोच लॅपटॉप गेममध्ये ठळक वेगाने पळतो. पातळ मॉडेलांत रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. म्हणून १६ जीबी पहिल्या दिवशीच घ्यावी.

बॅटरीत सगळ्यात पुढे आहेत ते मॅकबुक एअर आणि स्नॅपड्रॅगनवाले विंडोज लॅपटॉप. पण व्हॅलोरंट या दोन्हींवर चालत नाही, आणि स्नॅपड्रॅगन घेण्याआधी कॉलेजचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का ते विचारून घ्यावं. एअरला पंखा नाही, आणि अ‍ॅपल स्वतः ३५ अंशांपर्यंतच्या तापमानात वापरायला सांगतं. इकडचा मे महिना कसा असतो ते सांगायला नको.

घरून जास्त टाकणं जमत नसेल तर कंपन्यांतून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक बघावेत. सौदा वाईट नाही, फक्त पारखून घ्यावा लागतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. त्याच्या आधीचं मशीन कितीही चकचकीत असलं तरी सोडून द्यावं. गेमसाठी रायझनवालं बघावं, जसं ४६५०यू असलेलं थिंकपॅड टी१४. दुकानातच विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला लावावा. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे नवी असतानाची टाकी, आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आजची. ५० ची ३० वर आली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून कापून मागावा.

घ्यायचा कुठून, यावर इकडे बरेच गैरसमज आहेत. नागपुरात टॅक्स कमी लागतो असं काही नाही; लॅपटॉपवर जीएसटी दोन्ही राज्यांत १८ टक्केच आहे. नागपूरचा फायदा एवढाच की तिथे मॉडेल हातात घेऊन, वजन तोलून बघता येतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा नवा आहे, आणि घरी येऊन दुरुस्ती करण्याची वॉरंटी प्रत्येक पिनकोडला मिळतेच असं नाही. पैसे देण्याआधी कंपनीच्या साईटवर ४८० ने सुरू होणारा आपला पिन टाकून बघावा. सेवा नसेल तर सर्व्हिस सेंटर नागपुरात कुठे आहे ते विचारून ठेवावं. बिल विद्यार्थ्याच्या नावाने पक्कं घ्यावं, त्यावर सिरियल नंबर असावा, आणि तो नंबर मशीनच्या खालच्या बाजूला छापलेल्या नंबराशी दुकानातच जुळवून बघावा.