मुठेचे खोरे आणि आपण

धर्मशिक्षणाच्या वर्गात मी एकदा मुलांना विचारले, "आपली मुठा नदी येते कोठून?" "धरणातून!" असे उत्तर एकमुखाने आले. मुलांचे फारसे चुकले, असे मला म्हणवत नाही. खडकवासल्याची दारे उघडतात तेव्हाच वारज्याच्या काठाला नदी दिसते. एरवी तेथे वाहते ते शहराचे सांडपाणी.

परंतु धरणामागे एक फार जुने खोरे आहे. सह्याद्रीच्या काळ्या अग्निजन्य खडकात उगम पावणारी मुठा जवळच्या अरबी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेस वळते. पुण्याच्या संगमावर ती मुळेला भेटते आणि पुढे भीमा व कृष्णा यांच्या संगतीने बंगालच्या उपसागरास मिळते. तिच्या दक्षिणेस सिंहगडाची रांग उभी आहे. आंबी आणि मोसी या तिच्या उपनद्या. मोसे खोऱ्याचे देशमुख बाजी पासलकर हे शिवरायांचे आरंभीचे सहकारी. वरसगावच्या जलाशयाला त्यांचेच नाव दिलेले आहे. घाटमाथ्यावर धो धो पाऊस कोसळतो, तर पुण्यात तो बेताचाच पडतो. घाटातले पाणी खाली अडवावे, हा विचार या विषमतेतूनच सुचला.

कॅप्टन फाइफ यांच्या योजनेनुसार १८७९ च्या सुमारास खडकवासल्याचे दगडी धरण पूर्ण झाले. पुढे विश्वेश्वरय्या यांनी आपली प्रसिद्ध स्वयंचलित दारे येथेच बसविली. स्वातंत्र्यानंतर आंबीवर पानशेतचे मातीचे धरण बांधावयास घेतले. काम अपुरे असतानाच १९६१ च्या पावसाळ्यात त्यात पाणी साठू लागले आणि पाणी सोडण्याच्या मोरीवरील भराव खचू लागला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. तरीही १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले. तो लोंढा खडकवासल्याला पेलला नाही. दुपारी तेही फुटले. वारज्याच्या काठाने निघालेले ते पाणी पुण्याच्या पेठांत शिरले आणि लकडी पूल बुडाला. नदीकाठचे वाडे गेले, संसार उघड्यावर पडले. त्या पिढीतील वृद्ध आजही काळाची गणना 'पुराच्या आधी' आणि 'पुरानंतर' अशी करतात.

धरणे पुन्हा उभी राहिली. वरसगाव आणि टेमघर यांची त्यांत भर पडली. आज या चार जलाशयांची साठवण सुमारे २९ अब्ज घनफूट आहे; त्यांपैकी एकट्या खडकवासल्याची जेमतेम दोन. म्हणून वरची धरणे भरली की खडकवासल्याला पाणी सोडण्यावाचून गत्यंतर नसते. त्या जलाशयांच्या तळाशी मावळातील शेते आणि घरे आहेत, हे नळाची तोटी फिरविताना आपल्यातील किती जणांना आठवते?

१९९७ मध्ये वारजे महानगरपालिकेत आले. भातखाचरे, विहिरी आणि ओढे यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. त्यांत आपलीही घरे आहेत, त्यामुळे दोष इतरांना देण्याचा अधिकार मला नाही. मात्र ओढे बुजले तरी पाणी आपला उतार विसरत नाही. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीच्या घरांत पाणी शिरले. तेथे धरण फुटले नव्हते. नदी आपल्या पात्रातच पसरली होती.

पुढच्या वर्गात मुलांना टेमघरच्या घाटाकडे घेऊन जाण्याचा बेत आहे. नदी धरणात शिरते कोठून, हे त्यांनी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.