पद्मिनीचे टायमिंग

मुंबईच्या हवेचा इतिहास बहुधा न्यायालयीन आदेश आणि इंधनधोरण यांच्या अंगाने लिहिला जातो. परंतु काळ्या-पिवळ्या टॅक्सींपुरता इंधनाचा बदल प्रत्यक्षात उतरला तो मिस्त्रींच्या हातून, आणि त्या कसबाची नोंद या इतिहासात व्हायला हवी.

वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून तयार होणारी फियाट 1100 डिलाइट पुढे 1974 मध्ये प्रीमियर पद्मिनी झाली आणि हीच गाडी मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून धावू लागली. तिच्या 1089 घन सेंटिमीटरच्या चार सिलिंडरी इंजिनात ठिणगीची वेळ डिस्ट्रिब्युटर ठरवत असे. त्यातील पॉइंट उघडताच कॉइलमध्ये उच्च दाबाची वीज निर्माण होऊन ती प्लगकडे जाई. मिश्रण जळायला वेळ लागतो आणि मिनिटाला 3000 फेऱ्यांच्या वेगात क्रँक एका मिलिसेकंदात 18 अंश फिरते, म्हणून पिस्टन माथ्यावर पोचण्याआधीच ठिणगी पाडावी लागते. हे आगाऊपण म्हणजेच इग्निशन टायमिंग.

हवेच्या प्रदूषणाविरुद्धच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 1999 मध्ये परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि त्यापुढील आदेशांमुळे जुन्या टॅक्सींना सीएनजीकडे, म्हणजे सुमारे 200 बार दाबाखाली भरलेल्या नैसर्गिक वायूकडे, वळावे लागले. मात्र हा वायू पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो आणि सिलिंडरमधील हवेची काही जागाही व्यापतो, त्यामुळे टायमिंग पूर्वीचेच ठेवल्यास गाडीची ओढ फार घटते. यावरचा उपाय टायमिंग काही अंश पुढे घेण्याचा होता. साध्या पद्धतीत पुलीवरची खूण जुळवून, पॉइंटची तार आणि इंजिनाचा धातू यांच्यामध्ये लहान दिवा जोडत आणि नट सैल करून डिस्ट्रिब्युटर त्याच्या आतल्या रोटरच्या उलट दिशेने हळूहळू फिरवत. ज्या क्षणी दिवा पेटे, तो पॉइंट उघडण्याचा, म्हणजेच ठिणगीचा क्षण. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत असल्याने त्याचा एक अंश क्रँकच्या दोन अंशांएवढा भरे, त्यामुळे हात फार बेताने चालवावा लागे. शिवाय त्याच गाडीला अधूनमधून पेट्रोलवरही चालावे लागे, आणि वायूला मानवणारे टायमिंग पेट्रोलवर चढावाला नॉकिंग करी, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून इंजिनात ठोके वाजत. दोन्ही इंधनांना सोसेल असा मध्य शोधणे हे मिस्त्रीच्या कानाचे काम होते.

ज्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटर होता तेथे हेच तत्त्व लागू होते. इंधन इंजेक्शनच्या गाड्या आल्यावर मात्र ठिणगीची वेळ संगणकीय नियंत्रक ठरवू लागला आणि हाताने फिरवण्यासारखे काही उरले नाही. 2003 मध्ये नोंदलेली अखेरची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण करून ऑक्टोबर 2023 मध्ये सेवेतून गेली. पेट्रोलसाठी घडवलेले इंजिन वायूवर समाधानकारक चालवणे हे आदेशाने साधणारे काम नव्हते. ते साधले म्हणूनच जुन्या टॅक्सीवर पोट असलेल्या चालकांना गाडी न बदलता नव्या नियमांत टिकून राहता आले.