पीके : खेळाडू देशाचा, प्रशिक्षक कोलकात्याचा

आज क्रिकेट नाही, फुटबॉल. आणि फुटबॉलमधलंही एक असं नाव, जे कोलकात्यात घरोघरी माहीत आहे आणि आपल्याकडे क्वचितच कानावर पडतं. प्रदीपकुमार बॅनर्जी, म्हणजेच पीके.

पीकेंच्या दोन कारकिर्दी झाल्या, आधी खेळाडू म्हणून आणि मग प्रशिक्षक म्हणून. या दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की मला एक प्रश्न पडतो. ज्या माणसाने मैदानावर फ्रान्स आणि दक्षिण कोरियाविरुद्ध गोल केले, त्याच माणसाच्या प्रशिक्षक म्हणून सर्वाधिक गाजलेल्या लढती एकाच शहरातल्या दोन क्लबांमध्ये का झाल्या?

आधी खेळाडू बघू. १९३६ साली उत्तर बंगालात जन्म, वाढले जमशेदपूरला. कोलकात्यात आले, पण मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मडन या तिघांपैकी कुणाकडूनच कधी खेळले नाहीत. ते खेळले ईस्टर्न रेल्वेकडून. १९५८ साली या रेल्वेच्या संघाने कोलकाता लीग जिंकली. पुढे तीन मोठ्या क्लबांबाहेरच्या संघाला ती जिंकायला थेट २०१९ साल उजाडावं लागलं. यावरून अंदाज येईल, काम किती अवघड होतं ते.

उजव्या बगलेवरून वेगाने आत घुसायचं आणि जोरदार फटका मारायचा, हा त्यांचा खेळ. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, त्या संघात पीके होते. आपल्याला जवळचं नाव म्हणजे त्याच संघातले मुंबईचे नेव्हिल डिसूझा, मूळचे गोव्याचे. ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्‌ट्रिक त्यांचीच. १९६० मध्ये रोमला पीके कर्णधार झाले आणि फ्रान्सविरुद्ध त्यांनी गोल केला. तो सामना १-१ बरोबरीत सुटला. १९६२ मध्ये जाकार्ताला आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना. समोर दक्षिण कोरिया, ज्यांनी गटात आपल्याला हरवलं होतं. गोल केले पीके आणि जर्नेलसिंग यांनी, निकाल २-१, आणि सुवर्णपदक आपलं.

या सगळ्यामागे होते हैदराबादचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. जाकार्ताला ते कर्करोगाने आजारी होते आणि वर्षभराच्या आत, १९६३ मध्ये गेले. माझ्या मते भारतीय फुटबॉलचं गणित इथेच बिघडलं. कारण रहीम गेल्यावर त्यांची जागा घेईल अशी व्यवस्थाच नव्हती. एक माणूस होता, तो गेला.

पीकेंनी १९६७ मध्ये खेळणं थांबवलं आणि प्रशिक्षणाकडे वळले. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्यांच्या संघाने कांस्यपदक मिळवलं. पुरुषांच्या फुटबॉलमधलं आपलं ते आजवरचं शेवटचं आशियाई पदक.

मग आले क्लब. १९७२ पासून ईस्ट बंगाल. १९७५ च्या आयएफए शील्ड अंतिम सामन्यात मोहन बागानचा ५-० पराभव. आणि गंमत बघा, पुढच्याच वर्षी पीके मोहन बागानकडे! सप्टेंबर १९७७ मध्ये ईडन गार्डन्सवर पेलेंचा कॉसमॉस संघ आला, तेव्हा बागानने त्यांना २-२ असं रोखलं. त्या मोसमात शील्ड, ड्युरँड आणि आपल्या मुंबईतला रोव्हर्स, तिन्ही चषक बागानकडे.

पीकेंचं हत्यार म्हणजे बोलणं. सामन्याआधी आणि मध्यंतरात ते खेळाडूंना असं काही पेटवायचे की त्याला नावच पडलं ‘व्होकल टॉनिक’. १३ जुलै १९९७ ला, फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यात, सॉल्ट लेक स्टेडियममध्ये सव्वा लाखाहून जास्त माणसं होती. बागानचे प्रशिक्षक अमल दत्त, त्यांची गाजत असलेली ‘डायमंड’ रचना, आणि ईस्ट बंगालच्या खेळाडूंची त्यांनी जाहीरपणे केलेली टिंगल. पीकेंना आणखी काय हवं होतं! बायचुंग भुतियाची हॅट्‌ट्रिक झाली आणि ईस्ट बंगाल ४-१ ने जिंकला.

पण हेच टॉनिक देशाच्या संघाला का पुरलं नाही? १९८२ मध्ये दिल्लीत, घरच्या मैदानावर, आपण उपांत्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाकडून ०-१ हरलो, आणि प्रशिक्षक पीकेच होते. माझं उत्तर असं. बोलण्याने माणूस एका सामन्यात आपल्या कुवतीपेक्षा जास्त खेळतो, पण ती कुवत आधी घडावी लागते. आपल्याकडे राष्ट्रीय लीग सुरू झाली १९९६ मध्ये. तोवर वर्षभराचं कसदार फुटबॉल म्हणजे मुख्यतः कोलकाता आणि चार-दोन मोठे चषक. मुलं लहानपणापासून घडवणाऱ्या संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. मग सगळी ईर्षा बागान विरुद्ध ईस्ट बंगाल यातच जिरली. तोवर जपान, कोरिया, सौदी पुढे निघून गेले.

हे पीकेंना कळत नव्हतं असं मला वाटत नाही. नव्वदच्या दशकात ते जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत होते, म्हणजे मुलं घडवण्याच्या कामातच. पण एका अकादमीने देश किती उभा राहणार?

२० मार्च २०२० ला पीके गेले. जाकार्ताच्या अंतिम सामन्यातले त्यांचे कर्णधार चुनी गोस्वामी त्याच एप्रिलमध्ये गेले. टाळेबंदीच्या त्या दिवसांत या बातम्या आपल्यापर्यंत नीट पोचल्याही नसतील. म्हणून आज हा भाग. पुढच्या वेळी कुणी म्हणालं की आपल्याला फुटबॉल जमतच नाही, तर त्यांना १९६२ चं जाकार्ता सांगा. आणि लगेच पुढे हेही विचारा, की त्यानंतर आपण काय उभं केलं?

भेटू पुढच्या भागात.