उपग्रह पेशी : एका उपेक्षित आधाराचा इतिहास

जखम भरून आल्यावरही वेदना का उरते, या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ केवळ चेतापेशींमध्ये शोधले गेले. त्यांना वेढणाऱ्या आधारपेशींकडे मात्र दुर्लक्ष झाले. या दुर्लक्षाची कारणे चेताविज्ञानाच्या इतिहासात सापडतात.

पाठीच्या कण्यालगतच्या पृष्ठमूल गुच्छिकांमध्ये संवेदी चेतापेशींचे पेशीदेह असतात. प्रत्येक पेशीदेहाभोवती उपग्रह पेशींचे पातळ आवरण असते. गॅब्रिएल व्हॅलेंटिन यांनी १८३६ मध्ये या आवरणाची नोंद केली. पुढे १८५६ मध्ये रुडॉल्फ फिरशो यांनी मेंदूतील आधारद्रव्यास ‘न्यूरोग्लिया’, म्हणजे चेतांना सांधणारा चिकटा, असे नाव दिले. या नावाखाली गणल्या गेलेल्या पेशींना पुढे प्रामुख्याने भरावाचेच स्थान मिळाले.

चेतांच्या इजेचा अभ्यास याच काळात सुरू झाला होता. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या चेता कापून पेशीदेहापासून तुटलेल्या तंतूंचा ऱ्हास दाखविला. फ्रान्झ निस्ल यांनी १८९२ मध्ये, तंतू छेदल्यास दूरच्या पेशीदेहातही बदल होतात, हे रंजनपद्धतीने सिद्ध केले. इजेचा परिणाम दूरवर पोहोचतो हे कळले. परंतु दोघांच्याही अभ्यासाचा विषय चेतापेशीच होता.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने ही मर्यादा ओलांडली. १९६० च्या दशकात एनियो पन्नेसे यांनी उपग्रह पेशींची सूक्ष्म रचना तपासली. १९८९ मध्ये उंदरांवरील संशोधनात असे आढळले की, छेदलेल्या चेतेच्या पेशीदेहांभोवतीच्या उपग्रह पेशींत ‘जीएफएपी’ सदृश प्रथिन वाढते. २००२ मध्ये मेनाहेम हनानी व सहकाऱ्यांनी, इजेनंतर या पेशींमधील परस्परजोडण्या वाढतात, हे दाखविले.

तथापि बदल होणे म्हणजे वेदनेचे कारण असणे नव्हे. हा भेद २००८ च्या एका प्रयोगाने पुढे आणला. चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या त्रिशाखी चेतेच्या गुच्छिकेत, उपग्रह पेशींमधील पोटॅशियम-मार्गिका निर्माण करणारे जनुक दडपताच, चेतेला इजा नसतानाही उंदरांत वेदनासदृश वर्तन दिसले. उलट, २०२० मधील संशोधनात याच पेशी तंतूंच्या पुनर्वाढीस साहाय्य करतात, असे आढळले.

म्हणजेच एकच पेशी वेदनेस कारण होऊ शकते आणि दुरुस्तीसही हातभार लावू शकते. तिला सरसकट निष्क्रिय करणारा उपचार म्हणूनच घातक ठरू शकतो. व्हॅलेंटिन यांनी नोंदविलेल्या आवरणाचे कार्य उमगण्यास सुमारे पावणेदोनशे वर्षे लागली. या विलंबास साधनांची उणीव जितकी कारणीभूत होती, तितकीच ‘आधारद्रव्य’ या कल्पनेने घालून दिलेली मर्यादाही.