यहुद्यांचा मंडपांचा सण

यहुदी पंचांगांतील तिश्री महिन्याच्या पौर्णिमेस सुक्कोथ नांवाचा सण सुरू होतो. मराठी बायबलांत त्यास ‘मंडपांचा सण’ म्हटलें आहे. मिसरच्या दास्यांतून सुटलेले पूर्वज रानांत मंडपांतून राहिले, त्याची आठवण म्हणून वंशजांनीं सात दिवस मंडपांत राहावें, अशी लेवीय ग्रंथाची आज्ञा आहे.

इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेंत या मंडपाचे नियम सांपडतात. त्याची उंची २० हातांहून अधिक नसावी. छप्पर तोडलेल्या झाडपाल्याचें असावें, मुळावर उभा असलेला वेल वर चढवून भागत नाहीं. आणि आंत उन्हापेक्षां सावली अधिक पडावी.

इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें जेरुसलेमचें मंदिर जाळलें. तेथील यज्ञयाग थांबले, परंतु हा सण थांबला नाहीं. इ. स. १३२ ते १३५ या काळांत बार कोखबा यानें रोमविरुद्ध बंड केलें. त्याचीं पत्रें १९६० सालीं मृतसमुद्राजवळील एका गुहेंत सांपडलीं. त्यांपैकीं एकांत तो दोन गाढवें पाठवून या सणांत हातीं धरावयाच्या खजुरीच्या झावळ्या आणि महाळुंगें छावणीकरितां मागवितो. फौज मोठी आहे, असें कारणहि तो देतो. फळांचा दशांश काढण्याची आठवण करून देण्यासहि चुकत नाहीं.

बंड मोडलें, जेरुसलेमांत पाऊल ठेवण्याचीहि यहुद्यांस बंदी झाली. मंडपास मात्र ना राजधानी लागे, ना पुरोहित. जावें त्या देशींचा पाला त्यास पुरे. राज्य गेल्यावरहि सण टिकला तो यामुळेंच.