मान बधिर, माणूस जागा

मेंदूकडे रक्त नेणारी मानेतली धमनी सर्जन चिमट्याने बंद करतात, आणि ज्याची ती धमनी आहे तो माणूस त्याच वेळी भूलतज्ज्ञाशी बोलत असतो. काही ठिकाणी त्याच्या हातात दाबलं की चूं करणारं रबरी खेळणं देतात. डावी धमनी उघडायची असेल तर खेळणं उजव्या हातात, कारण उजवं अंग मेंदूची डावी बाजू चालवते. मधून मधून ‘दाबा’ म्हणायचं. आवाज आला तर काम पुढे चालू. हात ढिला पडला, जीभ अडखळली, की मेंदूला रक्त पुरत नाही हे तत्काळ समजतं.

ही पद्धत रोगी भुलीला घाबरतो म्हणून निघाली नाही. ती एका पेचातून निघाली. मानेतल्या या कॅरोटिड धमनीत चरबीचा थर साचतो, त्याचे कण किंवा गुठळ्या सुटून मेंदूत जातात आणि पक्षाघात होतो. थर काढायचा तर धमनी काही मिनिटं बंद ठेवावी लागते. तेवढ्या वेळात मेंदूचं कसं भागायचं? मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं, थॉमस विलिस यांनी 1664 मध्ये वर्णन केलेलं. एक बाजू बंद झाली तर दुसरी त्यातून रक्त पुरवते. मात्र हे कडं सगळ्यांमध्ये सारखं नसतं. कुणाचं व्यवस्थित चालतं, कुणाचं ऐन वेळी तोकडं पडतं.

मे 1954 मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात ईस्टकॉट आणि रॉब या सर्जनांनी यावर थंडीचा उपाय केला. गार पडलेल्या मेंदूला प्राणवायू कमी लागतो, म्हणून भूल दिलेल्या बाईंचं शरीर 28 अंश सेल्सियसपर्यंत थंड केलं आणि रोगट भाग कापून धमनी पुन्हा जोडली. बाई बऱ्या झाल्या. (ह्यूस्टनचे डीबेकी यांनी 1953 मध्येच धमनीतला थर काढला होता, पण त्याचा वृत्तांत छापला थेट 1975 मध्ये. मान कुणाचा, हा वाद त्यामुळे उरलाच.)

दर वेळी माणूस गार करणं परवडणारं नव्हतं. 1956 मध्ये सर्जन डेंटन कूली यांनी शंट वापरल्याचं प्रसिद्ध केलं: धमनी बंद असताना रक्त वळवून नेणारी तात्पुरती नळी. पण नळी घालताना थराचा कण किंवा हवेचा बुडबुडा मेंदूकडे जाऊ शकतो. म्हणजे शंट गरजेपुरताच हवा, आणि गरज कुणाला आहे हे झोपलेला रोगी कसं सांगणार?

मान बधिर करण्याचं साधन हाताशी होतंच. 1884 मध्ये व्हिएन्नाच्या कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर केला होता. 1943 मध्ये स्वीडनच्या लॉफग्रेन यांनी लिडोकेन तयार केलं. मानेच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मज्जातंतूंच्या फांद्यांपाशी औषध टोचलं की मान बधिर होते. कॅरोटिडच्या शस्त्रक्रियेत पुढे ही रीत रुळली.

तिचे तोटेही आहेत. चेहऱ्याजवळ कापड ओढलेलं, मान वळवलेली, कुणी अस्वस्थ होतो, कुणाला खोकला येतो. इंजेक्शन खोल गेलं तर श्वासपटलाची नस लुळी पडू शकते, म्हणून अनेकजण वरवरचंच देतात. मध्येच पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर कापडाखालून श्वासनलिकेत नळी घालताना भूलतज्ज्ञाची कसोटी लागते. पूर्ण भुलीत श्वासमार्ग सुरक्षित आणि रोगी स्थिर. पण मेंदूची खबर ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख) किंवा डॉप्लर (रक्तप्रवाह मोजणारं यंत्र) यांच्याकडून घ्यावी लागते, आणि ती यंत्रं बोलत्या माणसाइतकी खात्रीची नाहीत.

रोगी जागा ठेवावा की पूर्ण भूल द्यावी, या वादाचा निवाडा ‘गाला’ चाचणीने केला. 1999 ते 2007 या काळात 24 देशांतल्या 95 केंद्रांवर 3,526 रोग्यांना चिठ्ठी टाकावी तसं दोन गटांत वाटलं. तीस दिवसांत पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा मृत्यू यांचं प्रमाण पूर्ण भुलीत 4.8 टक्के, जागेपणी 4.5. हा फरक योगायोगानेही पडू शकतो. शंट मात्र पूर्ण भुलीत 43 टक्क्यांना लागला, जागेपणी 14 टक्क्यांना. जागा माणूस चांगला पहारेकरी ठरला, तरी शेवटचा आकडा त्याने फारसा हलवला नाही.

म्हणून घरात असा प्रसंग आला तर ‘कुठली भूल चांगली?’ एवढ्यावर थांबू नका. तुमचे सर्जन आणि भूलतज्ज्ञ नेहमी कुठली वापरतात ते विचारा, आणि कापडाखाली तासभर जागं, निश्चल पडून राहणं रोग्याला झेपेल का, हे त्याच्याकडूनच ऐका.