बिघाडातून घडलेला नाद: हाय-गेन गिटार ॲम्प्लिफायरच्या नॉबांचा इतिहास

१/ हाय-गेन ॲम्प्लिफायरच्या दर्शनी पट्टीवर सहसा सहा नॉब असतात: गेन, बेस, मिडल, ट्रेबल, प्रेझेन्स आणि मास्टर. नवशिका वादक बहुधा गेन टोकापर्यंत फिरवतो, बेस वाढवतो, मिडल उतरवतो. खोलीत एकट्याने वाजवताना तो नाद भव्य वाटतो. ड्रम आणि बेस गिटार सुरू होताच मात्र तो हरवून जातो. असे का होते, याचे उत्तर या नॉबांच्या इतिहासात आहे. यातील प्रत्येक नॉब एखादा जुना पेच सोडवण्यासाठी आलेला आहे. तो पेच उमगला, की नॉब किती फिरवावा हेही उमगते.

२/ आरंभ निर्वात नलिकेपासून, म्हणजेच व्हॉल्व्हपासून करू. १९०६ मध्ये अमेरिकेच्या ली डी फॉरेस्ट यांनी नलिकेत तिसरा विद्युदग्र बसवला आणि क्षीण विद्युत्संकेत मोठा करण्याचा मार्ग खुला झाला. रेडिओ आणि दूर अंतराची दूरध्वनी-सेवा यांचा पाया याच नलिकेने घातला. अभियंत्यांचे ध्येय एकच होते: आत गेलेली लहर बाहेर पडताना केवळ मोठी व्हावी, तिचा आकार बदलू नये. परंतु नलिकेलाही मर्यादा असते. संकेत त्या मर्यादेपलीकडे गेला, की लहरीचे माथे चेपले जातात आणि मूळ स्वरात नसलेले उपस्वर उमटतात. अभियंत्यांच्या परिभाषेत ही 'विकृती' होती. ती टाळणे हेच त्यांचे कौशल्य मानले जाई.

३/ मार्च १९५१. मेम्फिस शहरातील सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत आइक टर्नर यांचा वाद्यवृंद 'रॉकेट ८८' हे गीत ध्वनिमुद्रित करण्यास आला. गिटारवादक विली किझार्ट यांच्या ॲम्प्लिफायरला प्रवासात इजा झाली होती. स्पीकरच्या फाटक्या शंकूत कागद कोंबून वेळ निभावली, असे सांगितले जाते. फिलिप्स यांनी तो घरघरता आवाज झाकला नाही. उलट ध्वनिमुद्रणात त्याला ठळक स्थान दिले. तबकडी गायक जॅकी ब्रेन्स्टन यांच्या नावाने निघाली. ज्याच्या गिटारीचा तो नाद होता, त्या किझार्टचे नाव मात्र फारच थोड्यांच्या स्मरणात राहिले.

४/ पुढे हाच अपघात जाणूनबुजून घडवला जाऊ लागला. १९५८ च्या 'रंबल'साठी लिंक रे यांनी स्पीकरला पेन्सिलीने भोके पाडली. १९६४ मध्ये 'द किंक्स'चे डेव्ह डेव्हिस यांनी आपल्या छोट्या ॲम्प्लिफायरचा शंकू पात्याने चिरला. आपल्याकडील वाचकाला हे फारसे परके वाटू नये. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून आपण जवारी लावतो, तेव्हा तारेचा घोडीला होणारा नाजूक स्पर्शच उपस्वरांचे दालन उघडतो. साधन निराळे, यंत्रणा निराळी. पण 'शुद्ध' स्वराहून समृद्ध स्वराची ओढ तीच.

५/ १९६२. लंडनच्या पश्चिमेकडील हॅनवेल येथे ड्रमवादक जिम मार्शल यांचे वाद्यांचे दुकान होते. केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांच्यासह त्यांनी अमेरिकेच्या फेंडर कंपनीच्या 'बासमन' या ॲम्प्लिफायरचा आराखडा समोर ठेवून 'जेटीएम४५' तयार केला. आराखडा जवळपास तोच होता, पण पहिली नलिका बदलली. बासमनमधील नलिकेचा वर्धनांक सुमारे ४५ होता; मार्शलनी वापरलेल्या ईसीसी८३ चा १००. शिवाय मागून बंद असलेल्या पेटीत १२ इंची ४ स्पीकर. संकेत आता लवकर मर्यादा ओलांडू लागला आणि ब्रिटिश रॉकला स्वतःचा आवाज मिळाला.

६/ मात्र एक अडचण उरली. या ॲम्प्लिफायरमध्ये भरीव विकृती हवी असेल, तर आवाज पुष्कळ मोठा ठेवावा लागे; कारण शेवटच्या, स्पीकरला शक्ती पुरवणाऱ्या नलिका तेव्हाच 'तापत'. १९६६ मध्ये जॉन मायल यांच्या 'ब्लूजब्रेकर्स'सोबत ध्वनिमुद्रण करताना एरिक क्लॅप्टन यांनी स्टुडिओतही रंगमंचाइतक्याच आवाजात वाजवण्याचा आग्रह धरला तो याचसाठी. 'द हू'च्या पीट टाउनशेंड यांच्या मागणीवरून मार्शलनी १०० वॅटचे ॲम्प्लिफायर काढले. त्याच टाउनशेंड यांनी पुढे स्वतःच्या श्रवणशक्तीच्या हानीबद्दल जाहीरपणे सांगितले. या नादाची किंमत कानांनी मोजली जात होती.

७/ नाद आणि आवाज यांची फारकत प्रामुख्याने कॅलिफोर्नियात झाली. रँडल स्मिथ हा तरुण तंत्रज्ञ फेंडरचे लहानसे 'प्रिन्स्टन' ॲम्प्लिफायर अधिक शक्तिशाली करून विकत असे. कार्लोस सांताना यांनी त्यांपैकी एक वाजवून जी दाद दिली, तिच्यातूनच 'बूगी' हे नाव आले. १९७० च्या दशकाच्या आरंभी स्मिथ यांनी वर्धनाचा आणखी एक टप्पा जोडला. एका टप्प्याने चेपलेला संकेत पुढच्या टप्प्यात पुन्हा चेपला जाई आणि सर्वांत शेवटी मास्टर नॉब एकूण आवाज आवरून धरी. १९७५ मध्ये मार्शलनेही मास्टर नॉब असलेले '२२०३' बाजारात आणले. गेन आणि मास्टर हे दोन नॉब वेगळे असण्याचे कारण हे असे आहे.

८/ नवी सोय नवे प्रश्न घेऊन आली. प्रत्येक टप्पा गिटारीच्या संकेतासोबत खरखर आणि गुणगुणही वाढवतो. दुसरे म्हणजे, चेपल्या जाणाऱ्या दोन स्वरांतून त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही निर्माण होतात. गिटारीची सर्वांत खालची तार ८२.४ हर्ट्झला, तिचा पंचम १२३.५ हर्ट्झला, फरक सुमारे ४१ हर्ट्झ, म्हणजे मूळ स्वराच्या बरोबर खालच्या सप्तकातला तोच स्वर! मेटलमधील 'पॉवर कॉर्ड' म्हणजे आपला षड्ज-पंचमच; तो गेनखाली अधिक भारदस्त होतो. गिटारीवरचा गांधार मात्र शुद्ध गुणोत्तरापासून किंचित ढळलेला असल्याने वजाबाकीचा स्वर बेसूर पडतो आणि चिखल होतो. गेन जितका अधिक, तितका हा चिखल दाट.

९/ म्हणून खर्ज कोठे कापायचा, हा कळीचा प्रश्न ठरला. विकृतीपूर्वी खर्ज भरपूर असेल, तर नलिकेची क्षमता तोच व्यापून टाकतो आणि आघात सैल पडतो. मेसा बूगीच्या 'मार्क' मालिकेत बेस-मिडल-ट्रेबल हे नॉब मुख्य विकृतीच्या आधी येतात. त्यामुळे जाणते वादक तेथे बेस अगदी कमी ठेवतात आणि नंतर येणाऱ्या ५ पट्ट्यांच्या ग्राफिक इक्वलायझरने खर्ज परत आणतात. मेटॅलिकाच्या १९८६ च्या 'मास्टर ऑफ पपेट्स'मागे याच मालिकेतील 'मार्क टू सी प्लस' आहे. मार्शलमध्ये हे नॉब गेनच्या टप्प्यांनंतर येतात. तेथे बेस वाढवल्याने विकृतीचा पोत तितका बिघडत नाही. एकाच नावाचे नॉब, पण स्थान वेगळे म्हणून वागणेही वेगळे. दुसऱ्याच्या ॲम्प्लिफायरवरचे आकडे जसेच्या तसे उतरवून घेणे व्यर्थ जाते ते यामुळे.

१०/ ज्यांच्या ॲम्प्लिफायरमध्ये विकृतीआधी खर्ज कापण्याची सोय नव्हती, त्यांनी ती बाहेरून जोडली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आलेला आयबानेझचा 'ट्यूब स्क्रीमर' हा पेडल सुमारे ७२० हर्ट्झखालील स्वरांना कमी विकृत करतो आणि मध्यस्वर पुढे काढतो. मेटल वादक त्याचा ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर आणि लेव्हल बरीच वर ठेवतात. येथे पेडलकडून विकृती अपेक्षित नसते. पुढच्या नलिकांना सडपातळ, पण जोमदार संकेत मिळावा एवढाच हेतू असतो.

११/ आता हा इतिहास हातात घेऊ. तिन्ही स्वर-नॉब मध्यावर ठेवा. मास्टर बँडसोबत वाजवाल त्या पातळीवर आणा, कारण मंद आवाजात कानाला खर्ज कमी जाणवतो आणि आपण तो उगाच वाढवतो. जाड तार तळहाताने दाबून वाजवत गेन चढवा; आघात धूसर होऊ लागला, की थोडे मागे या. मग आघात ठोस वाटेपर्यंत बेस उतरवा. मिडल सहसा कापू नका: खालची जागा बेस गिटार आणि मोठ्या ड्रमची, वरची झांजांची, गिटारीचे घर मध्यातच आहे. ट्रेबल आणि प्रेझेन्स शेवटी, स्पीकरच्या समोर कानाच्या रेषेत उभे राहून ठरवा. स्टुडिओत तोच भाग दोनदा वाजवून एकावर एक रचणार असाल, तर गेन आणखी कमी करा. दोन थर मिळून उरलेली घनता आपोआप येते.

१२/ दर्शनी पट्टीवरचे सहा नॉब असे सत्तर वर्षांच्या वादातून आले आहेत. गेन सांगतो, की दोषाला नाद मानले गेले. मास्टर सांगतो, की त्यापायी कान गमावण्याची गरज नाही. बेस आणि मिडल सांगतात, की वाद्य एकटे वाजत नसते. पुढच्या तालमीत 'रॉकेट ८८' एकदा जरूर ऐका आणि मगच गेनला हात लावा. किझार्टच्या त्या नादुरुस्त स्पीकरमधला गेन आजच्या मानाने अगदी थोडा आहे. तरीही त्याची गिटार प्रत्येक स्वरात स्वच्छ ओळखू येते.

धागा येथे पूर्ण होतो.